सेमगोलची सर्वांत गोड विहीर

आदरणीय ग्यू-सिकदादा,

गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमचा खोकला कसा आहे? यंदा धरणाकाठी आपल्या बुडालेल्या सेमगोल गावाची स्मरणपूजा झाली आणि तुम्ही आला नाहीत. पाण्याकडे तोंड करून मी जुना माणूस एकटाच वाकलो. (बाकीचे तरुण, त्यांचं लक्ष जेवणाच्या डब्यांत.)

आता आमची फजिती ऐका. नात हेरिन हिने शाळेसाठी सेमगोलवर निबंध लिहिला. आधार कशाचा, तर कुणीही लिहावं नि कुणीही खोडावं अशा त्या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाचा. तिने उतरवलं, गावातली सर्वांत गोड विहीर तुमच्या यांग घराण्याची. तिच्या शिक्षिका वॉनबाईंनी पडताळायला पान उघडलं, तर विहीर आमच्या बेक घराण्याची! निबंध परत, शिवाय मला शाळेत बोलावणं.

"आजोबा, असल्या पानावर मुलांनी विसंबायचं? उद्या कुणीही काहीही लिहील," बाई मला म्हणाल्या.

"लिहितातच की," हेरिन म्हणाली. "हे माझे आजोबाच लिहितात. आणि यांग आजोबा खोडतात."

दादा, टोफूच्या हातगाडीपासून स्वतःच्या दुकानापर्यंत आलो, पण असा कधी पकडला गेलो नव्हतो. बाईंचं खरंच आहे. मी सोयाबीनसुद्धा चावून बघितल्याशिवाय घेत नाही. तरी म्हटलं, "बाई, दुसरा आधार शोधायचा कुठे? धरणाच्या तळाशी? त्या पाण्याची चव ठाऊक असलेली माणसं उरली दोन, आणि दोघंही खोटारडी."

बाई हसल्या. "मग हेरिन, पान राहू दे. माणसांना विचार."

तिने तुम्हाला फोन लावला, तो कुणी उचलला नाही. तुम्हाला ऐकू कमी येतं, असं मी तिला सांगून टाकलं. (मला मात्र आता घरातली प्रत्येक घंटी ऐकू येते.) पूर्वी मी सकाळी लिहिलं की संध्याकाळच्या आत तुम्ही खोडायचात, आणि मी चिडून जेवायचो नाही. या वेळी विहीर आमची झाली ती आमचीच राहिली आहे. कुणी हात लावलेला नाही. इतकं जिंकून मी काय करू?

तुमचा धाकटा,
बेक जोंग-मान

ता. क. हेरिनसाठी त्या विहिरीबद्दल स्वतःच्या हाताने चार ओळी पाठवा. हवं तर तुमचीच गोड होती म्हणा. मी सही करतो.

आणखी एक. काल त्या पानावर मी लिहिलंय, की यांगांच्या विहिरीत बेडूक होते. दादा, एवढं तरी खोडा.