माझी हिरवी रेघ

सोमवार, ३ मार्च

परत आली! गाडी परत आली. आणि गाडीबरोबर ती.

मामाच्या गॅरेजात असा आनंद कोणी करत नाही. तीच तक्रार घेऊन गाडी परत येणं म्हणजे काम करणाऱ्याचं नाक कापलं जाणं. आमच्याकडे पद्धत अशी — बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचा, ठरलेला जोर लागून रेंच 'कट्' म्हणाला की थांबायचं आणि बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यावर रंगाची सरळ रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. प्रत्येकाचा रंग ठरलेला. मामाचा पांढरा. मामाच्या जुन्या मिस्त्रीकाकांचा पिवळा — म्हणून ते पिवळे काका, अर्थात त्यांच्या पाठीमागे. माझा हिरवा. त्यामुळे चूक कोणाची यावर इथे भांडण होत नाही. गाडी लिफ्टवर चढवली की ज्याची त्याची पापं खालून रंगीत दिसतात.

तर तिची ती दोन सीटची निळी चिमुकली वर चढवली. तक्रार — खालून कुरकुर. सायलेन्सरच्या वर जो उष्णता अडवणारा पत्रा असतो, त्याच्या दोन बोल्टांपैकी एक सैल. आणि त्यावर माझी हिरवी रेघ. अखंड, सरळ, देखणी!

मामाने हात वर करून बोल्ट चाचपला. म्हणाला, "भाचेबुवा, बोल्ट फिरलेला नाही. म्हणजे तो आवळलाच नव्हता. तू रेघ आधी ओढलीस. मग आवळायला कुठे गेलास?"

कुठे गेलो काय सांगू? कुठेच नाही गेलो. तीच आली होती. लिफ्टखाली वाकून म्हणाली, "हा पत्रा कशाला असतो हो?" — मला! अहोजाहो! मी तिला उष्णता समजावून सांगत बसलो आणि स्वतःच वितळलो. बोल्ट राहिला.

शिक्षा ठरलेली — आठवडाभर सगळ्यांचा चहा मी करायचा. हसत हसत केला. पिवळे काका पिवळे पडले. "याला काहीतरी झालंय. शिक्षेत साखर जास्त टाकतोय."


मंगळवार, ४ मार्च

ती दातांची डॉक्टर आहे. सोमवार ते शनिवार त्याच गाडीतून दवाखान्यात जाते आणि रविवारी तीच गाडी ट्रॅकवर पळवते. पहिल्यांदा आली तेव्हा मामाला म्हणाली होती, "गाडी रस्त्यावर गाय असावी आणि ट्रॅकवर चित्ता." मामा म्हणाला, "डॉक्टरीणबाई, एकाच तोंडात दुधाचे दात आणि सुळे मागताय." ती इतकी हसली की मी हातातला पाना पायावर पाडून घेतला. पाय अजून सुजलेला आहे. गोड दुखतो.

वजन कमी व्हावं म्हणून तिने कार्पेट काढायला लावलं. रेडिओ काढायला लावला. स्पेअर चाकसुद्धा! एवढं सगळं काढल्यावर जो आवाज राहतो त्यात तिला पत्र्याची कुरकुर ऐकू आली. काय कान आहेत! कानांत डूलही नव्हते. नुसतेच कान.


गुरुवार, ६ मार्च

आजचा दिवस वाईट. एका पिवळ्या गाडीचा जाडा मालक म्हणाला, "बाळा, तुला जमतं का हे? की मामाला बोलावू?" मी त्याच्या बॉनेटवर फडकं आपटलं. ओलं होतं. फट्टकन आवाज झाला. मामाने मला मागे नेऊन पाणी प्यायला लावलं, तोंडावरही मारलं.

"तुझं डोकं म्हणजे गरम ब्रेक आहे. घासलं की धूर."

बरोबर आहे. कॉलेजही असंच सुटलं. तिसऱ्या वर्षाला सर म्हणाले, "बाहेर हो." मी झालो. पुन्हा आत ये असं कोणी म्हणालंच नाही. मीही विचारलं नाही. आईला अजून वाटतं की मी दारातच उभा आहे.


शनिवार, ८ मार्च

डोक्यात एक किडा आलाय.

पत्र्याला दोन बोल्ट आहेत. एक सैल असला तरी पत्रा पडत नाही. कशाला लागत नाही, घासत नाही, पेटत नाही. नुसता कुरकुरतो. कुरकुरला की ती येते.

मी काही लिहिलेलं नाही.


रविवार, ९ मार्च

सुट्टी. आईने बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय. मी काल चोरून खाल्ली तर आज म्हणते, "झाकण फिरवलंस."

"कशावरून?"

"मला कळतं."

कसं कळतं देव जाणे! मी पुसून, दाबून, होता तसा ठेवला होता. पोलिसात पाहिजे होती ही बाई.

मामा जेवायला आला होता. त्याने माझ्या चहाच्या शिक्षेची गोष्ट रंगवून सांगितली — पत्रा, बोल्ट, डॉक्टरीण, सगळं! मग आजोबांच्या गॅरेजातल्या गप्पा निघाल्या. दोघं तिथेच वाढली. "हिचा हात माझ्यापेक्षा हलका होता रे," मामा म्हणाला. आईने लगेच त्याच्या ताटात भात वाढला. विषय संपला. हा विषय निघाला की आई नेहमी भात वाढते.


सोमवार, १० मार्च

डॉक्टर गाडी देऊन गेली. ट्रॅकचे ब्रेक पॅड काढून रस्त्याचे घालायचे. घातले. मग खाली जाऊन पत्र्याचा दुसरा बोल्ट अर्धा फेरा उलटा. जुन्या रेघेवर ताजी हिरवी रेघ.

ब्रश दोनदा हातातून पडला. प्रेमानेच असणार.


गुरुवार, १३ मार्च

आली! पांढऱ्या कोटातच आली. म्हणाली, "माझ्या पेशंटचा दात इतका हलत नाही."

मामाने गाडी वर चढवली. बोल्टकडे पाहिलं. नखाने माझी रेघ खरवडली. ताज्या रंगाखाली जुना रंग निघाला, आणि दोन्ही रेघा जुळत नव्हत्या. ती गेल्यावर बोलला.

"लेका, प्रेम कर. पोटभर कर. पण माझ्या बोल्टवर नको."

माझे कान मागच्या टायरपर्यंत लाल.

मग खरा बॉम्ब. "तुझ्या आईला मी शब्द दिलाय. हे पोरगं कामाचं निघालं तर माझं, नाही तर कॉलेजचं. ही गाडी याच तक्रारीसाठी अजून एकदा आली, की तुझा ब्रश माझ्याकडे आणि तू सरांच्या दारात."

मी म्हटलं, "नाही येणार!"

"डॉक्टरीण?"

"गाडी!"


शुक्रवार, २१ मार्च

तेविसाव्या तारखेला, रविवारी, तिचा ट्रॅक. वेळेची स्पर्धा आहे, ती पहिल्यांदाच उतरतेय. आज संपूर्ण गाडी माझ्याकडे. मामा म्हणाला, "एकट्याने कर. मी बघणार नाही." म्हणजे बघणार.

ब्रेक ऑइल नवीन. पॅड ट्रॅकचे. पुढची चाकं वरून किंचित आत कलवली — वळणात टायर पूर्ण टेकावा म्हणून. आणि पत्रा! दोन्ही बोल्ट. रेंच 'कट्' म्हणाला. पुन्हा लावून पाहिला — 'कट्'. मगच रेघ. हिरवी. जुनी सगळी खरवडून, एकच थर.

गंमत म्हणजे थट्टा करायची इच्छाच झाली नाही. ती त्या वळणात शिरेल तेव्हा तिच्या खाली माझं काम असेल. गाडी परत आली नाही तरी चालेल. म्हणजे चालणार नाही. पण चालेल.

पिवळे काका खाली वाकून सगळ्या रेघा बघून गेले. काहीच बोलले नाहीत. पिवळ्या काकांकडून हे म्हणजे हार-तुरे!


शनिवार, २२ मार्च

आई गॅरेजात आली! कधी येत नाही. म्हणे डबा विसरलास. विसरलो नव्हतो, सकाळी तिनेच दिला नव्हता. मामाने मला टायरमध्ये हवा भरायला पुढे पाठवलं आणि दोघं भाऊबहीण आत गप्पा मारत बसली. परत आलो तर आई बेसिनवर आमच्या त्या खरखरीत पेस्टने हात धूत होती. नक्की माझं टेबल आवरलं असणार. घरी काय, इथे काय, हिला पसारा बघवत नाही.

जाताना निळ्या गाडीकडे बघून म्हणाली, "हीच का ती?"

"गाडी?"

"गाडीच म्हणतेय मी."

संध्याकाळी डॉक्टर गाडी घेऊन गेली. मी म्हटलं, "या वेळी काही वाजणार नाही." ती म्हणाली, "मग आम्ही यायचं कशाला?"

आम्ही! यायचं! कशाला! मी तीन वेळा वहीत लिहून खोडलंय.


सोमवार, २४ मार्च

स्वतःची सगळ्यात जलद फेरी मारली म्हणाली. मला टाळी दिली. खरीखुरी, हाताला हात.

आणि मग म्हणाली, "पण शेवटी शेवटी खालून जरा कुरकुर येत होती."

पायाखालची फरशी सरकली. मी आधी खाली गेलो, मामाच्या आधी. दिवा लावून पाहिलं.

बोल्ट सैल. रेघ अखंड. पण रेघ हिरवी नाही!

डाळिंबी. चकचकीत. बारीक, इतकी सरळ की पट्टीने ओढल्यासारखी. हा रंग गॅरेजात कोणाचाच नाही. नखाने खरवडली तर सालपट निघालं. नेलपॉलिश!

मी तिथे लिफ्टखाली उभ्या उभ्या मेलो आणि जिवंत झालो. म्हणजे तीही! मी केलं तेच तिने केलं! मी तिला बोलवायला बोल्ट सैल करतो, आणि ती यायला बहाणा हवा म्हणून बोल्ट सैल करते. जगात असं कधी झालं नसेल!

मामाचे बूट दिसले. मी खिशातलं थिनरचं फडकं काढलं आणि रेघ पुसून टाकली. तिचं नाव बाहेर येता कामा नये.

"रेघ कुठाय?" मामा.

"ओढायची राहिली."

"काल-परवा तर दिसली मला. हिरवी."

"भास झाला असेल."

मामाला जोराचा खोकला आला. पाठ फिरवून बराच वेळ खोकत राहिला. मग हात पुढे केला. मी ब्रश दिला. पिवळ्या काकांनी टोपी काढली. गंमत म्हणून काढली असेल.


बुधवार, २६ मार्च

ती गाडी न्यायला आली. मी आता गाड्या फक्त धुतो. हळूच म्हटलं, "मला कळलंय. मी कोणाला सांगणार नाही."

"काय कळलंय?"

"नेलपॉलिश."

ती माझ्याकडे अक्कलदाढ वाकडी निघालेल्या माणसाकडे बघावं तशी बघायला लागली. दोन्ही हात पुढे केले. नखं बारीक कापलेली, कोरी. "मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालते. नेलपॉलिश कुठे लावू?"

काय अभिनय! पायाला लावत असणार.

मी सांगितलं, कॉलेजला चाललोय. तिचा चेहरा जरा पडला. नक्की पडला, मी बघत होतो. "मग माझ्या गाडीचं काय?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "रविवारी कॉलेज बंद असतं ना? ट्रॅकवर ये. दुसऱ्या कोणी कलवलेली चाकं मला चालणार नाहीत."

ये म्हणाली. या नाही. ये!


शुक्रवार, २८ मार्च

सरांच्या दारात अर्धा तास उभा. डोकं गरम व्हायला लागलं होतं, निघणारच होतो. सरांनी मान वर न करता म्हटलं, "उभा काय राहिलास? आत ये."

एवढंच. मी आत गेलो.

आईला सांगितलं तर तिने भात वाढला.


शनिवार, २९ मार्च

उद्या ट्रॅक. बरोबर न्यायला बिस्किटं चोरावीत म्हणून फळीवरचा डबा खाली काढला. नेहमी पुढूनच बघतो. आज हातात फिरला.

मागच्या बाजूला, भिंतीकडे, झाकणावरून डब्यावर उतरलेली एक रेघ. डाळिंबी. चकचकीत. पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

आई बाहेरच्या खोलीत काहीतरी गुणगुणत होती. मला गॅरेजातल्या बेसिनवर खरखरीत पेस्टने हात धुणारी आई आठवली.

मग झाकण फिरवलं. चार बिस्किटं घेतली. झाकण परत लावलं — आणि रेघ मुद्दाम जुळवली नाही.