तळव्याएवढा खळगा

केलगेरी, धारवाड
१२ नोव्हेंबर २०२४

चि. संजीव यास,
अक्काचे अ. उ. आ.

तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाही, रागावू नकोस. बहिरी झाले नाही अजून! पण पुण्याला यायचं, हे या घरात मोठ्यानं बोलायला नको वाटतं. का, ते खाली लिहिते.

यांचं वर्षश्राद्ध पार पडलं. बाथरूमच्या टाइल्स बदलायच्या, घर भाड्यानं द्यायचं आणि तुझ्याकडे कायमचं यायचं, हे आपलं ठरलेलंच आहे. पण भिंत अडून बसलीय. यांचं डावं अंग गेलं तेव्हा झोपायच्या खोलीतच जिप्सम बोर्ड उभे करून घाईनं बाथरूम काढली होती. जुन्या टाइल्स उतरवल्या तर बोर्ड सगळा वरखाली. केदारी मिस्त्रीनं पट्टी लावून दाखवलं, पुट्टी भरून सारखाही केला. फक्त यांच्या आंघोळीच्या चौरंगाशेजारी तळव्याएवढा खळगा आहे तो काही भरत नाही. आज भरावा, सकाळी परत तसाच. संजू, तिथंच उजवा हात टेकून हे उठायचे. दर शनिवारी मी तेल लावून न्हाऊ घालायची, त्या हाताचा डाग तिथं कायम असायचा. अय्यो, लिहितानाही अंगावर काटा आला बघ.

वेदश्रीला आशीर्वाद. तुम्हा नवराबायकोची माया आहे, ती अशीच असू दे.

तुझी,
अंबूअक्का


पुणे
१९ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
संजीवचा सा. न. वि. वि.

जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलंस आणि आता भिंतीला भितेस होय? भुतानं नाही, कंत्राटदारानं घोळ घातलाय. साधा बोर्ड बाथरूमला लावला की तो पाणी पितो, फुगतो आणि मऊ पडतो. त्यात तेल मुरलेलं. त्याच्यावर पुट्टी धरणार कशी? थरावर थर चढवू नका, टाइल्स वजनानं सुटून येतील. तो बोर्डच उचकटून टाक. मागचा पत्र्याचा सांगाडा ओळंब्यात आहे का बघायला सांग, आणि सिमेंटचा बोर्ड बसवून घे.

चेष्टा केली, पण तू तिथं एकटी आहेस म्हणून मला झोप लागत नाही. भावजी गेल्यापासून तू नीट जेवतसुद्धा नाहीस, मला कळतं. वेदश्रीनं तुझी खोली लावून ठेवलीय. काम उरकून ये बाई लवकर.

तुझा,
संजू


केलगेरी, धारवाड
४ डिसेंबर २०२४

चि. संजीव यास,
अ. आ.

तू सांगितलंस तसंच केलं. जुना बोर्ड परसात पडलाय. सांगाडा सरळ होता, नवा सिमेंटचा बोर्ड पट्टीला चिकटून बसला. दुसऱ्या दिवशी बघते तर खळगा. आणि त्यात तेल! वर्षभरात मी घरात खोबरेल आणलेलं नाही रे. केदारीनं ओला हात पँटला पुसला, ‘आगूदिल्लरी’, हे व्हायचं नाही, म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला. त्याला कसाबसा थांबवला.

मग माझ्या डोक्यात आलं. हे मला त्रास देत नव्हते. बिचारे रोजच्यासारखे उठत होते, आणि मी यांच्यासकट घर भाड्यानं द्यायला निघाले होते. आपल्यात कार्याची पहिली अक्षत देवाला आणि घरातल्या मोठ्यांना देतात ना, तशी मी चौरंगावर कुंकवाची अक्षत ठेवली. स्पष्ट सांगितलं, मला एकटीला इथं राहवत नाही, मी संजूकडे जाते आहे, तुम्हीही चला. फार रडले.

सकाळी भिंत सपाट. केदारीनं टाइल्स लावल्या, केसभर फरक नाही. मी तिथं हात लावून बघितला तर नुसती गार फरशी. संजू, हे रागावून गेले असतील का? चाळीस वर्षं ज्या माणसाला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही, त्याला मी घरातून काढलं. कुठं गेले असतील, उठता तरी येत असेल का त्यांना? ते परत आले आणि मी नसले तर काय करतील? भाडेकरूंना नको म्हणून कळवलंय. मी येत नाही. माझा नाद सोड.

अंबूअक्का


पुणे
११ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
सा. न.

पत्र आजच मिळालं. भाडेकरूंना परत बोलाव.

आमच्या बाथरूमची भिंत पक्क्या विटांची, तुला माहीत आहे. गेल्या गुरुवारपासून स्टुलाशेजारच्या टाइलवर तेलाचा डाग पडतोय. वेदश्री साबणानं पुसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसतो. तिला वाटलं माझाच हात. आज तुझं पत्र वाचून मी तिथं पट्टी लावली. टाइल तडकलेली नाही अक्का, नुसती आत गेलीय, तळव्याएवढी. मी हात ठेवला तर उबदार लागली. तिथंच खाली बसलो.

२१ तारखेची, शनिवारची गाडी धर. स्टेशनवर मी येतो. तेल वेदश्रीनं आणून ठेवलंय, पण त्यांना धरून उठवायचं कसं ते आम्हाला ठाऊक नाही.

तुझा,
संजू