शेवटचं कापायचं राहिलं

द्वारका, दिल्ली

अण्णा, पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. थंडी वाढलीय, पण आईनं दिलेली रजई पुरते. तिचा गुडघा कसा आहे?

माझ्या संगीताच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. दिवाळीत तुम्ही सनई वाजवलीत, मी शेजारी बसून दुसऱ्या सनईवर सूर धरला, ते फोनमधलं रेकॉर्डिंग मी कॉम्प्युटरच्या आवाजांत गुंफलं होतं, तेच तिथे वाजवलं.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "माझं नाव सांगितलंस ना?" मी हो म्हणालो. अण्णा, ते खोटं होतं. ऑफिसातले सगळे आले होते. माझे वडील लग्नांत सनई वाजवतात, हे मी त्यांना कधी सांगितलेलंच नाही. म्हणून सुरुवातीलाच सनई वाजवणाऱ्याबद्दल माइकवर म्हणालो, "कोई अनजान कलाकार हैं."

शेवटचं कापायचं मात्र राहून गेलं. सनई थांबली आणि स्पीकरमधून तुमचा आवाज घुमला, "वा सुयश! सूर छान धरलास, बाळा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऑफिसातल्या मेहकनं जवळ येऊन हळूच विचारलं, "पापा हैं क्या?"

मी खाली वाकून वायरी गुंडाळत राहिलो.

रागावलात तरी फोन उचला.

तुमचा,
सुयश