नावाड्याचा अंगरखा

३ मार्च

कादंबरीचा पहिला भाग आज पुन्हा उघडला. चार पानं वाचून ठेवून देईन म्हटलं होतं, पण कसलं काय! रफूचं दुकान उघडायला उशीर झाला आणि एक गिऱ्हाईक फाटकी पॅन्ट हातात धरून पायरीवर ताटकळत बसलं.

वाचा-उपचारवाल्या बाई म्हणाल्या होत्या, "त्यांच्या आवडीचं काहीतरी रोज मोठ्याने वाचत जा." बाबांच्या आवडीचं म्हणजे हेच – ड्रॅगन, शापित किल्ले, बुडालेली राज्यं, पाच जाडजूड भाग! जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. एक दात केसभर वाकडा बसला तरी उपटून पुन्हा लावायचे. आणि रिटायर झाल्यावर हे वेड! मलाही त्यांनीच लावलं.

झटका आल्यापासून उजवा हात गेला, बोलणं गेलं. समज किती राहिली आहे ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. बघतात माझ्याकडे. पण मला बघतात की नुसतंच बघतात?

६ मार्च

दादा येऊन गेला. बाबांच्या खुर्चीला टेकूनच उभा होता. "अगं, दुकान आणि हे, दोन्ही किती दिवस ओढणार तू? त्या शुश्रूषा केंद्रात महिनाअखेरीस जागा होतेय. त्यांना आता घर काय अन् केंद्र काय, सारखंच."

दादा वाईट नाही. माझ्या काळजीनेच बोलतो. मी म्हटलं, "त्यांना कळत असेल तर?"

"कळत असतं तर तुझं ते राक्षसांच्या आवाजातलं वाचन ऐकून एकदा तरी हसले नसते?"

मी उठून चहा टाकला.

७ मार्च

वाचलं. काही नाही.

११ मार्च

सापडलं!! एवढ्या वेळा वाचूनही दिसलं नव्हतं!

पहिल्या भागात ठिणगी – आमची नायिका, अनाथ पोर – नदी ओलांडते. नावाडी तिच्याकडून भाडं घेत नाही. त्याच्या अंगरख्याचं कोपर रफू केलेलं आहे. टाके डावीकडे कललेले, आणि शेवटी गाठ न मारता दोरा परत आत वळवलेला. मागच्या वेळी या ओळीवरून मी सरळ घसरत गेले होते. आणि तिसऱ्या भागात ठिणगी फाटका झेंडा शिवते – तस्सेच टाके! "आईने शिकवले होते तसे." मुद्दाम तिसरा भाग काढून खात्री केली. रफूवालीच्या नजरेतून टाका सुटतो होय?

म्हणजे तो अंगरखा ठिणगीच्या आईने शिवलाय. आणि बाई शिवणार कोणाचा? नवऱ्याचा! ठिणगीचा बाप युद्धात मेला म्हणतात, पण प्रेत कोणी पाहिलंय? नावाडी हाच तिचा बाप!

बाबांना जवळजवळ ओरडूनच सांगितलं. ते खिडकीकडे बघत राहिले.

१४ मार्च

आणखी पुरावा. ती किनाऱ्याला उतरल्यावर नावाडी बराच वेळ वल्हं उचलत नाही. बापाशिवाय कोण असं थांबेल?

शेजारच्या न्हाव्याला सांगितलं. म्हणाला, "ताई, पुस्तकातल्या माणसांची नाती सावकाश जुळवा, आधी माझ्या शर्टाचं बटण जुळवा." अरसिक मेला!

१८ मार्च

हल्ली नावाड्याचा विषय काढला की बाबा डाव्या हाताने पुस्तक ढकलतात. कंटाळले असणार. की माझा आवाजच नकोसा झालाय? आज पुस्तक मिटलं आणि मोरीत जाऊन रडून घेतलं.

दादाचा फोन. सोमवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. बाबांच्या पायाशी बसून मी "हो" म्हटलं.

२२ मार्च

केंद्रवाल्यांनी सांगितलंय, कपड्यांवर आतून नाव शिवून द्या, धुण्यात मिसळतात. बाबांचे सदरे घेऊन बसले. इतके वेडेवाकडे टाके मी शिकाऊ असतानाही घातले नव्हते.

२३ मार्च

बाबा बोलले!

शेवटचं म्हणून नदीचं प्रकरण काढलं होतं. वाचून झाल्यावर सवयीने म्हटलं, "तर बाबा, हा तिचा बाप."

"चूक."

मला वाटलं खालच्या रस्त्यावरून आवाज आला. पुन्हा – "चूक!" ओठ वाकडे, पण शब्द चोख. डाव्या हाताने पुस्तक ओढलं, पान मागे केलं आणि एका ओळीवर बोट दाबून धरलं. होडीत बसायच्या आधीची ओळ. "नावाड्याने दातांनी दोरा तोडला आणि बाही चढवली."

म्हणजे त्याचा अंगरखा तोच शिवत होता! जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवणारी मी, एखादा आपलं आपण शिवत असेल हे डोक्यातच आलं नाही.

"मग कोण तो?"

कपाळावर घाम आला. जबडा हलला, थांबला, परत हलला. "मा... मामा."

अर्थात! आईचा भाऊ! दोघं एकाच घरात, एकाच बाईकडून टाका शिकलेले. मी बाबांचं डोकं पोटाशी धरून हसत सुटले, आणि तेही – वाकडं, अर्ध्या तोंडाने, पण हसले!

२३ मार्च, संध्याकाळ

हसू ओसरल्यावर लक्षात आलं. नावाड्याचं सगळं ऐकत होते, म्हणजे दादाचंही ऐकत होते. आणि माझं "हो"सुद्धा.

दादाला फोन केला. म्हटलं, उद्या गाडी आणू नकोस. तू मात्र ये. बाबांना विचारायचं राहिलंय.