संगणक रिकामे आहेत का?

गुरुवार, १२ सप्टेंबर

प्रिय दादा,

गळ्याची जखम भरत आली असं वहिनीकडून कळलं, बरं वाटलं. वाफ, औषधं वेळेवर घेत असशीलच. वेळेचं तुला मी काय सांगायचं. आम्ही सगळे ठीक आहोत.

तुझ्या शाळेचं काम सुरू झालं. तिथे इंटरनेट नाही, म्हणून विश्वकोश, विज्ञानाचे व्हिडिओ, पाचशे पुस्तकं, गणिताचे सराव, सगळं हार्डडिस्कवर नेऊन बारा संगणकांत भरायचं असा आमचा बेत. आम्ही म्हणजे तिघं: निवृत्त इंजिनिअरकाका, ग्रंथपालबाई आणि मी. भरण्याआधी जुने संगणक पूर्ण पुसावे लागतात. त्यासाठी मी शाळेला एक फॉर्म पाठवला होता. मुख्याध्यापिकांनी तो तुझ्याकडे दिला, कारण संगणकांची ती खोली तूच उभी केलीस. माझा प्रश्न होता, 'संगणक रिकामे आहेत का?' तू लिहिलंस, 'हो. मी निवृत्त झाल्यापासून रिकामेच आहेत.'

मला विचारायचं होतं, आत काही आहे का. तू सांगत होतास, त्यांच्यासमोर आता कुणी बसत नाही. आज वाचताना त्यातला तुझा राग दिसतो. तेव्हा मला फक्त 'हो' दिसला.

सोमवारी आम्ही पहिला संगणक पुसला.

काल वहिनीचा फोन आला. तू शेजारी बसून वहीत लिहीत होतास आणि ती वाचून दाखवत होती. "हे विचारताहेत, माझे धडे कुठल्या कोपऱ्यात ठेवलेत? नवे पाहुणे आले म्हणून म्हाताऱ्याला माळ्यावर टाकू नका म्हणावं." ती हसली. मीही हसले. बघून सांगते म्हणाले.

दादा, ते एकसष्ट धडे त्याच संगणकावर होते.

फोन ठेवून मी तशीच शाळेत गेले आणि उरलेले अकरा तपासले. सातांत काही नाही. चार सुरूच होत नाहीत. पुसलेली डिस्क काढून दुरुस्तीवाल्याकडे दिली आहे. तो म्हणाला, नुसती पुसली असती तर बरंच परत आलं असतं; पण मी तिच्यावर चार तास नवं सामान भरत बसले होते. थोडंफार निघेल, पण आशा धरू नका, असं त्याचं म्हणणं. बाकीचे संगणक शनिवारी पुसायचे ठरलेत. केबल खराब आहे असं खोटंच सांगून काकांना मी तोवर थोपवलंय.

इथवर लिहून पत्र पाकिटात घातलं होतं. पुन्हा काढलं. सगळं 'रिकामे' या एका शब्दावर ढकलून मी मोकळी होत होते.

खरं असं, की पुसण्याआधी मी आतली यादी उघडली होती. 'सातवी, अपूर्णांक, माझ्या आवाजात' हे नाव मी वाचलं. एक धडा लावूनही पाहिला. तू कागद दुमडत होतास. "बोटं मोजू नका, कागदाकडे बघा. आता किती भाग झाले?" मागे पंखा खडखडत होता, आणि उत्तर चुकवणाऱ्या मुलीला तू हसत हसत म्हणालास, "बाई, तू तर अख्खा कागदच खाल्लास." मला वाटलं, आपल्याकडे यापेक्षा स्वच्छ आवाजातले, चित्रांसकट धडे आहेत. काका मागून म्हणाले, "ताई, काही ठेवायचंय का?"

"नाही, जुनंच आहे," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

तुझं ऑपरेशन होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. तू आता बोलू शकणार नाहीस, हे डॉक्टरांनी मला तुझ्याही आधी सांगितलं होतं. ते मी विसरले नव्हते. त्या क्षणी मला आठवलं नाही, असं लिहायला घेतलं होतं, तेही खोडलं. आठवलं होतं. आमचं काम वेळेत व्हायला हवं होतं.

बंद पडलेल्या चार संगणकांपैकी एखाद्यात प्रत असेल तर ते तुलाच माहीत. शनिवारी अकराला सगळे शाळेत जमतील. मी कुणाला एकाही संगणकाला हात लावू देणार नाही, आणि का लावू देत नाही ते काकांच्या आणि मुख्याध्यापिकांच्या समोर सांगेन. तू ये असं म्हणायचा हक्क मला नाही. पण लिही. वहिनीकडून निरोप नको, तिच्या तोंडून सगळं मवाळ होऊन येतं. जे वाटेल ते तुझ्या हाताने लिही.

तुझी (हा शब्द खोडावासा वाटला तर खोड),
धाकटी