आईची बस

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही जात नाही. आज तो एकदाचा लिहून काढते.

ऐंशीच्या दशकातलं जयपूर. आपण मालवीय नगरात राहत होतो. तुम्ही शहर बससेवेत अधिकारी होतात, आई बसने शहराबाहेर सीतापुऱ्याला जाऊन तिथल्या एका छोट्या शाळेत शिकवायची. आठवीनंतर तिथल्या मुली सांगानेरच्या शाळेत जायच्या, त्याही त्याच बसने. तेव्हा सरकार वर्षअखेरीला दाखवाल तेवढा तोटा भरून देत होतं. बस आली का, वेळेवर सुटली का, हे कुणी विचारत नसे. तुम्हाला त्याची चीड यायची, आणि ती रास्तच होती. मग एका वर्षी सरकारने हात आखडता घेतला आणि तुम्ही तोट्यातले मार्ग सरळ बंद करून टाकलेत. त्यात पहिला सीतापुऱ्याचा.

आई पोळ्या करते आहे. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगता, "सोमवारपासून तुझी बस बंद."

"अहो, मग मी जाऊ कशी?"

"नियम सगळ्यांना सारखा. बायकोसाठी बस चालवली असं कुणी म्हणायला नको."

"माझ्यासाठी नकाच चालवू. त्या पोरींची शाळा सुटेल हो. त्यांना घरचे दुसऱ्या कशाने पाठवणार आहेत का?"

"तिकिटांतून डिझेलसुद्धा निघत नाही."

मला राहवलं नाही. "रस्त्यावरचे दिवे तरी कुठे कमावतात, बाबा?"

"कॉलेजात जाऊन हेच शिकलीस?" एवढं बोलून तुम्ही हात धुवायला गेलात.

आई टेम्पोने जायला लागली. माणसं कोंबून भरलेला तो टेम्पो टोंक रोडवर उलटला आणि तिचा उजवा हात मोडला. तो पुन्हा खांद्याच्या वर कधी गेला नाही. फळ्यावर लिहिणं संपलं, नोकरीही संपली. सांगानेरला जाणाऱ्या मुली तर केव्हाच घरी बसल्या होत्या. आणि तुमच्या निरोप समारंभात एक सहकारी कौतुकाने म्हणाले, "साहब ने तो अपनी घरवाली की बस भी नहीं बख्शी!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. आई पहिल्या रांगेत बसली होती, बाबा. नाव तुमचं झालं, हात तिचा गेला, आणि त्याला तुम्ही सचोटी म्हणालात.

मी आता तुमच्याच क्षेत्रात आहे. शहरांच्या बसला सरकारने मदत कशी द्यावी, ते ठरवते. कुठल्या भागाला बस हवीच, हे आम्ही आधी ठरवतो. तिचे पैसे आधीच बाजूला काढतो, म्हणजे कुणा मंत्र्याच्या लहरीवर ती थांबत नाही. बस खरंच धावली, तरच ते मिळतात. मागाहून तोटा भरून देणं बंद. यात अवघड काय होतं? खैरात आणि टाळं, यांच्यामध्ये आणखी काही असू शकतं, हे तुमच्यासारख्या हुशार माणसाला सुचलं नाही? की तसं मागायला वरिष्ठांकडे जावं लागलं असतं, भांडावं लागलं असतं, आणि घरच्या बाईला नाही म्हणणं सोपं होतं?

हे आईच्या हाती पडू देणार नाही. तुमच्याविरुद्ध ती अजूनही एक शब्द ऐकून घेत नाही, म्हणून फाडूनच टाकीन. पण एक सांगते. परवा आमची योजना मंजूर झाली, तेव्हा सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. आईला फोन मी त्यानंतर केला.