तिच्याच शब्दांत

ता. ६ जानेवारी

चि. सौ. भिंगरीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपली गाडी ‘जेवलीस का’ आणि ‘ठेवू का’ यांच्यापुढे जात नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या ड्यूट्यांमधून वेळ मिळेल तसं वाच.

बातमी अशी की तुझी आई कोर्टात लागली. घाबरू नकोस, आरोपी म्हणून नाही. शेवटच्या वर्षाच्या आम्हा सगळ्यांना कॉलेजनं बारा आठवडे प्रत्यक्ष कामावर पाठवलं आहे. कलमं पाठ झाली, आता माणसं बघा, असा त्यामागचा विचार. वर्गातल्या पोरांनी मोठ्या वकिलांची ऑफिसं पटकावली. माझ्या वाट्याला मोफत कायदा सल्ला केंद्र आलं. कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला एक खोली. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली जुन्या खटल्यांच्या याद्या घडी करून सरकवल्या आहेत. खिडकी उघडत नाही आणि पंखा बंद होत नाही.

आमच्या वकीलबाई एकतीस वर्षांच्या. मी त्रेपन्नची. पहिल्या दिवशी त्यांनी मलाच पक्षकार समजून खुर्ची दिली आणि तक्रार काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तक्रार काही नाही, शिकायला आले आहे. बिचाऱ्या ओशाळल्या. आता काकू म्हणतात.

माझं काम म्हणजे आलेल्या माणसाची हकीकत ऐकून अर्जाचा कच्चा मसुदा करायचा. पाणीपुरवठा ऑफिसात सव्वीस वर्षं टायपिंग केलं ते इथं उपयोगी पडतंय. साहेबांचं ओबडधोबड बोलणं सुबक करून देण्यात माझा हात कुणी धरत नसे, हे तुला ठाऊक आहेच.

घरी बरं चाललंय. संध्याकाळी वर्गातल्या दोघी-तिघी अभ्यासाला येतात, घर भरलेलं असतं. तुझे बाबा गेल्यानंतर एवढा आवाज पहिल्यांदाच होतोय. तेव्हा माझी काळजी नको. जावईबापूंना आशीर्वाद सांग. तुम्ही दोघं सवडीनं या, घाई नाही.

तुझी,
आई (होऊ घातलेली वकील)


ता. १४ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसत बसले. शेजारच्या टेबलावरची नर्स बघत होती. तुला पक्षकार समजणाऱ्या त्या बाईंना माझा नमस्कार सांग. तू कुठल्याही ऑफिसात शिरलीस की चेहरा असा करतेस की समोरच्याला वाटतं, आता ही तक्रार करणार. मी शाळेत असताना मुख्याध्यापकही उठून उभे राहायचे.

इकडे सगळं ठीक. एक्स-रे विभाग तळघरात हलवला आहे, त्यामुळे बाहेर ऊन आहे की ढग हे घरी निघताना कळतं. नवीन मशीन शांत आहे, जुन्यासारखं घुरघुरत नाही. मला त्या घुरघुरीची सवय झाली होती.

संध्याकाळी घर भरलेलं असतं हे वाचून फार बरं वाटलं. मला तुझीच काळजी होती. हे कामात आहेत, त्यांचा नमस्कार.

मसुदे जपून लिही. साहेबांच्या पत्रांत तू घातलेले शब्द साहेबांनाच कळायचे नाहीत, असं बाबा म्हणायचे.

तुझी,
भिंगरी


ता. २ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मला माझी पहिली केस मिळाली. म्हणजे वकीलबाईंचीच, पण हकीकत मी घेतली आणि अर्ज मी लिहिला.

बाई एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काम करते. चाळिशीची असेल. तिला कायद्यानं नवऱ्यापासून वेगळं राहायचं आहे. मी विचारलं, मारतो का. नाही म्हणाली. पितो का. नाही. दुसरी कुणी आहे का. तसंही नाही. मग काय करतो? ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, काही करत नाही, बोलत नाही. चार वर्षं झाली. कशावरून सुरू झालं तेही तिला आता नीट आठवत नाही. काही हवं असलं तर तो शेजारणीला सांगतो आणि शेजारीण हिला येऊन सांगते. चार वर्षांत घरात तिला कुणी नावानं हाक मारलेली नाही.

पण भिंगरे, यावर न्यायाधीश काय निकाल देणार? बोलत नाही हा काय गुन्हा आहे, असंच म्हणतील. म्हणून मी अर्ज जरा भक्कम केला. मानसिक छळ, अर्वाच्य शिवीगाळ, रोजचा अपमान, असं सगळं घालून चार पानं केली. वकीलबाईंना त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात तारीख होती, त्यांनी घाईत नजर टाकली आणि छान झालंय म्हणाल्या. बाईला मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल, आणि सही केली.

चार पानं सुबक लागली की मला अजूनही तोच आनंद होतो. येत्या वीस तारखेला सुनावणी आहे.

तुझं पत्र यावेळी लहानच होतं. दमतेस का? जावईबापूंचं काम कसलं एवढं चाललंय?

तुझी,
आई


ता. ९ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं ठीक आहे. ड्यूटी वाढली आहे, म्हणून पत्र लहान.

त्या बाईचं वाचल्यापासून तीच डोक्यात आहे. ती घरी गेल्यावर संध्याकाळी काय करते, हे तू तिला विचारलंस का? म्हणजे स्वयंपाक वगैरे उरकल्यावर. रेडिओ लावते का?

उगाच विचारलं. केसला त्याचा उपयोग नसेल.

तुझ्या अभ्यासाच्या मंडळींना माझा नमस्कार. त्यांच्यासाठी आणखी दोन खुर्च्या घे, जमिनीवर बसून तुझे गुडघे धरतात.

तुझी,
भिंगरी


ता. २४ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. आता एका बैठकीत लिहिते, सुबक करत नाही.

वीस तारखेला शिपायानं व्हरांड्यात पुकारा केला, तिचं पूर्ण नाव घेऊन, खणखणीत आवाजात. ती माझ्या शेजारीच बाकावर होती, पण उठली नाही. दुसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा मी तिला हात लावला. ती म्हणाली, मला वाटलं दुसरीच कुणी असेल.

आत तिच्या नवऱ्याच्या वकिलानं माझाच अर्ज हातात घेऊन तिला विचारलं की कोणती शिवी दिली, केव्हा दिली. ती खरं तेच बोलली. शिवी नाही दिली, तो तर बोलतच नाही. मग अपमान? बोलतच नाही तर अपमान कुठून करणार, असं तिनंच उलट विचारलं. मागे कुणीतरी हसलं. वकील म्हणाला, अर्ज धादांत खोटा आहे. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं. वकीलबाई उभ्या राहिल्या आणि चूक आमच्या केंद्राची आहे, दुरुस्तीची मुदत द्यावी, असं म्हणाल्या. मी मागच्या बाकावर बसून होते. उठायला हवं होतं. उठले नाही.

बाहेर आल्यावर त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जिन्यात थांबून त्यांनी मला एवढंच विचारलं, “काकू, तिचं दुःख तुम्हाला कमी वाटलं का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात गेले. ती मोठी पातेली घासत होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, असू दे, तुम्ही माझ्यासाठीच केलंत. मग मी पालथ्या खोक्यावर बसले आणि ती बोलली तसं लिहीत गेले. एक शब्द माझा नाही. ती खोलीत आली की तो उठून बाहेर जातो. बाहेर सगळ्यांशी हसतो, ते तिला भिंतीपलीकडून ऐकू येतं. तिला ताप आला तेव्हा गोळ्या टेबलावर ठेवून गेला, त्यामुळे लोक म्हणतात, चांगला आहे की. तुझा प्रश्नही विचारला. संध्याकाळी सगळं उरकलं की ती घासलेली भांडी पुन्हा काढून घासते. आवाज होतो म्हणून.

सगळं मिळून पाऊण पान झालं. वकीलबाईंनी वाचलं आणि तसंच दाखल केलं.

आता माझीही एक दुरुस्ती. माझ्याकडे अभ्यासाला कुणी येत नाही. ऑगस्टमध्ये दोघी एकदा आल्या होत्या, तासभर बसल्या. माझ्या वयाच्या बाईशी काय बोलणार त्या? संध्याकाळी मी दिवे दोन खोल्यांत लावते आणि कलमं मोठ्यानं वाचते. तुला काळजी नको म्हणून तसं लिहिलं होतं. दुसऱ्यांची हकीकत सुधारायची सवय मला आजची नाही, पण स्वतःचीही सुधारते, हे मला वीस तारखेपर्यंत कळलं नव्हतं.

हे शिक्षण सोडून द्यावं असं दोन दिवस वाटत होतं. अजून वाटतंय.

तुझी,
आई


ता. ३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू शिकणं सोडायचं नाहीस. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं लिहिल्यावर राहून जाईल.

आई, मी सप्टेंबरपासून एकटी राहते. आमचं भांडण झालं नाही. त्यांना दुसऱ्या गावी काम मिळालं, मी बदलीसाठी अर्ज करणार होते. मग त्यांनी लिहिलं की घाई करू नकोस. पुढच्या पत्रात लिहिलं, आलीच नाहीस तरी चालेल. त्यानंतर पत्र नाही. मी तुला त्यांचा नमस्कार कळवला, तो माझ्या पदरचा.

बाबांनंतर तू कशीबशी सावरत होतीस, तुझं घर भरलं होतं, त्यात हे कुठं घालू असं वाटलं. तुझं घर भरलेलं नाही हे कळल्यावर मला रडू आलं आणि हायसंही वाटलं. दोन्ही एकदम. वाईट वाटून घेऊ नकोस.

दिवसभर मी दोनच वाक्यं बोलते. श्वास धरा. श्वास सोडा. घरी आल्यावर ती दोन्हीही लागत नाहीत. त्या बाईला कुणीतरी भेटून हकीकत लिहून घेतली याचा मला हेवा वाटला.

तू लगेच बस पकडून येऊ नकोस. तुला ओळखते मी. हे एकटीनं किती झेपतं ते मला पाहायचं आहे. नाही झेपलं तर मीच येईन. त्यांना नोटीस पाठवू वगैरेही म्हणू नकोस.

आणि माझ्या नावाआधी ‘सौ.’ लिहू नकोस. कागदावर अजून काही झालेलं नाही, पण पोस्टमनच्या हातून ते पाकीट घेताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.

तुझी,
भिंगरी


ता. २९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल त्या बाईचा निकाल लागला. न्यायाधीशांनी पाऊण पान स्वतः मोठ्यानं वाचलं. मग नवऱ्याला उभं केलं. त्यानं नाव, वय, नोकरी, सगळं नीट सांगितलं, आवाज चांगला आहे त्याचा. मग त्यांनी विचारलं, बायकोशी का बोलत नाही? तो वकिलाकडे बघत राहिला. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा न्यायाधीशांनी लिहायला सांगितलं की प्रश्न तीनदा विचारला, उत्तर मिळालं नाही, आणि तिला वेगळं राहण्याची परवानगी दिली. बाई हसली नाही, रडलीही नाही. हॉस्टेलमध्ये तिला राहायला खोली मिळाली आहे, तिथं चार मुली आजूबाजूला असतात. रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून ती लगेच निघून गेली.

वकीलबाईंनी माझ्या कॉलेजच्या कागदावर शेरा लिहिला. त्यात वीस तारखेची चूकही लिहिली आहे आणि खोक्यावर बसून लिहिलेलं पाऊण पानही. मी म्हटलं, चूक राहू द्या. परीक्षेचा फॉर्म भरला.

तू नको म्हणालीस म्हणून मी आले नाही. बॅग दोनदा भरली आणि रिकामी केली, हे सांगून ठेवते. पंधरा तारखेला तू आपण होऊन दारात उभी राहिलीस तेव्हा मी आधी तुझी बॅग आत घेतली. दोन दिवस तू झोपलीस आणि मी शेजारी बसून पुस्तक वाचलं. नोटिशीचं नाव मी काढलं नाही, पण ओठांपर्यंत आलं होतं.

जाताना तू विचारलंस की तू गेल्यावर मला कसं वाटेल, आणि मी म्हटलं, काही नाही गं, सवय आहे. ते खोटं होतं. तू गेल्यावर मी तुझ्या उशीचा अभ्रा बदलला नाही. दोन्ही खोल्यांतले दिवे लावले आणि कलमं वाचायला बसले आणि पहिल्याच पानावर पुस्तक मिटलं.

‘सवडीनं या, घाई नाही’ असं मी तुला इतकी वर्षं लिहीत आले. घाई आहे. पुढच्या शनिवारी येतेस का? नाही जमलं तर नाही म्हणून कळव, मी समजून घेईन. पण विचारलं नाही असं नको व्हायला.

तुझ्या लोभाची मला गरज आहे, हे मागून घेते.

तुझी,
आई